नगर, भाषा आणि ‘अनियोजित व्यवस्था’ : एका उपमेची चिकित्सा

मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या विचारवंतांच्या नगरविकासविषयक लेखनामागे भाषेचा दाखला, कधी उघडपणे तर कधी गृहीत धरून, उभा असतो. युक्तिवादाचे स्वरूप साधारणतः असे : भाषा कोणा एका व्यक्तीने वा मंडळाने निर्माण केलेली नाही, तिचे व्याकरण कोणी सभा भरवून मंजूर केलेले नाही, तरीही तिच्या ठायी अशी काही सुव्यवस्था असते, की मोठमोठ्या योजनाकारांनाही ती साधली नसती. मग ज्या नगरात लक्षावधी माणसे आपापली गरज ओळखून घर, दुकान, कारखाना यांची जागा निवडतात, त्या नगराची व्यवस्थाही त्यांच्या परस्परव्यवहारांतूनच का सिद्ध होऊ नये? भूवापराची विभागवारी, बांधकामावरील मर्यादा, भाड्याचे नियंत्रण हे सारे, एखाद्या हट्टी वैयाकरणाने बोलत्या माणसाच्या तोंडावर हात ठेवावा, तशातलेच नव्हे काय?

या युक्तिवादाचा परामर्श भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने घेणे ही अनधिकार चेष्टा ठरू नये. या वादात साक्षीदार म्हणून जिला पाचारण केले आहे ती आमच्या शास्त्राचीच वस्तू आहे. अर्थशास्त्रीय पुराव्याची छाननी अर्थशास्त्रज्ञांनी करावी. साक्षीदार जे सांगतो असे म्हटले जाते ते तो खरोखरच सांगतो काय, एवढे पाहणे आपल्या कक्षेत येते.

उपमेची वंशावळ बरीच जुनी आहे. मानवी संस्था या मानवाच्या कृतीचे फलित असतात, पण मानवी योजनेचे असतातच असे नाही, हा विचार अ‍ॅडम फर्ग्युसन याने १७६७ मध्ये मांडला. कायदा हा भाषेप्रमाणेच लोकजीवनातून वाढतो, असे साविन्यीने १८१४ मध्ये प्रतिपादिले. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा दुवा म्हणजे कार्ल मेंगर याचा १८८३ मधील सामाजिक शास्त्रांच्या पद्धतीवरील ग्रंथ. त्यात पैसा, कायदा, भाषा आणि बाजार यांच्या पंक्तीला मेंगरने नव्या वस्त्यांची उत्पत्तीही आणून बसविली आहे. निरनिराळ्या व्यवसायांची माणसे आपापला स्वार्थ पाहत एका ठिकाणी येतात आणि वस्ती स्थापन करण्याचा हेतू कोणाच्याही मनात नसताना वस्ती उभी राहते, असे त्याचे म्हणणे. नगर आणि भाषा यांची सोयरीक येथे पक्की झाली. हायेकने तिचा विस्तार केला. आणि गंमत अशी, की शंभर वर्षांनी ती उपमा परत आमच्या दारी आली. रूडी केलर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९९० मध्ये भाषिक परिवर्तनाची उपपत्ती ‘अदृश्य हाता’च्या कल्पनेवर उभारली, आणि ती समजावून देताना दृष्टान्त घेतला तो हिरवळीवर आपोआप उमटणाऱ्या पायवाटांचा. भाषेवरून नगर समजून घ्यायचे आणि पायवाटेवरून भाषा, असे हे वर्तुळ आहे.

पायवाटेच्या या दृष्टान्तावर थोडे थांबण्यासारखे आहे. पायवाट कोणी आखीत नाही हे खरे. प्रत्येकजण जवळचा रस्ता धरतो आणि गवत झिजते. पण ती हिरवळ कोणीतरी लावलेली असते, तिच्या दोन बाजूंच्या इमारती कोणीतरी त्या त्या जागी बांधलेल्या असतात, आणि तेथून चालण्यास मज्जाव नसतो. या तीन गोष्टी दृष्टान्तातून निसटल्या आहेत. भाषेच्या बाबतीत त्या निसटल्याने फारसे बिघडत नाही. नगराच्या बाबतीत मात्र सारा वाद त्यांच्याचभोवती फिरतो.

आता विरुद्ध पक्षाच्या बळाकडे वळू. कारण ते पुष्कळ आहे. या पक्षाचा अलीकडील सर्वांत विचारार्ह ग्रंथ म्हणजे आलँ बेर्तो यांचा ‘ऑर्डर विदाउट डिझाइन’ हा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ होय. बेर्तो हे पुस्तकी पंडित नव्हेत. ते स्वतः नगरनियोजक. जागतिक बँकेच्या सेवेत त्यांनी अनेक देशांतील शहरांवर काम केले. नगर ही प्रधानतः श्रमाची बाजारपेठ आहे, आणि माणसाला परवडेल अशा घरातून परवडेल एवढ्या वेळात कामावर पोचता येणे हीच तिची कसोटी होय, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. जमिनीची किंमत काय सांगते हे न पाहता नकाशावर रंग भरणाऱ्या नियोजकांवर त्यांचा रोख आहे, आणि अशा नियोजनाचे उदाहरण म्हणून मुंबईकडे ते पुनःपुन्हा वळतात.

मुंबईचे उदाहरण त्यांच्या बाजूने बोलते, हे मान्य केले पाहिजे. भाडेनियंत्रण घ्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेवाढीला पायबंद घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस १९३९ मध्ये तो पुन्हा आला. आणि १९४७ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच ‘प्रमाण भाडे’ म्हणून कायम केले. ज्या परिस्थितीत हे कायदे झाले ती पाहता त्यांच्या कर्त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. गिरणगावातील खोलीच्या भाड्यासाठी युद्धकाळात काय मागितले जात असेल याची कल्पना करणे अवघड नाही. परंतु तात्पुरता म्हणून आलेला कायदा वारंवार मुदतवाढ मिळत अर्धशतक टिकला. रुपयाचे मोल कोठल्या कोठे गेले आणि भाडे तेथेच राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने घर सोडले नाही. आणि मोडकळीस आलेल्या चाळींसाठी १९६९ मध्ये शासनाला स्वतंत्र दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. ज्या इमारतींकडून त्यासाठी उपकर घेतला जाऊ लागला त्यांची संख्या एकोणीस हजारांहून अधिक होती. ‘उपकरप्राप्त इमारत’ या नावाची एक नवी जातच मुंबईत जन्माला आली. (‘उपकरप्राप्त’ हा शब्दही मासलेवाईक आहे. उपकर प्राप्त होतो तो मंडळाला. इमारतीला प्राप्त होते ती प्रतीक्षा.)

भाषेच्या अभ्यासकाला येथे रस वाटावा असा शब्द म्हणजे ‘पागडी’. कायद्याने भाडे गोठविले, पण खोलीला असलेली मागणी गोठविणे त्याच्या हाती नव्हते. जी किंमत पावतीवर लिहिता येत नव्हती ती पावतीबाहेर दिली जाऊ लागली, आणि त्या रकमेला बोलीने डोक्यावरच्या पागडीचे नाव दिले. १९४७ च्या कायद्याप्रमाणे ती घेणे हा गुन्हा होता. व्याकरणात ज्याला अशुद्ध ठरविले असा प्रयोग बाजारात सर्रास चालावा, आणि पुढे कोशकाराने नाइलाजाने त्याची नोंद करावी, तसे येथे झाले. १९४० च्या पातळीवर भाडे रोखून धरणाऱ्या तरतुदी कालौघात अन्यायकारक आणि मनमानी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या ५६ व्या कलमाने भाडेहक्क देताना वा सोडताना अशी रक्कम घेणे वैध ठरविले. पन्नास वर्षे जो अपराध होता तो व्यवहार झाला. या अवधीत तोटा कोणाचा झाला? जो आधीपासून शहरात होता त्याचा फारसा नाही. जो मागाहून आला, ज्याच्यापाशी पागडीला पैसे नव्हते आणि भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्यास कोणी धजत नव्हते, त्याचा. कायदा दुर्बलांसाठी होता. पण दुर्बलांतील सर्वांत दुर्बल तो, ज्याचे नाव अजून कोणत्याही भाडेपावतीवर आलेले नाही, हे कायद्याच्या ध्यानात आले नाही. मुक्त बाजारवाद्यांची ही टीका खोडून काढता येईल असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण चटईक्षेत्र निर्देशांकाचे, म्हणजे लोक ज्याला एफएसआय म्हणतात त्याचे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे हे गुणोत्तर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ते मुंबई बेटासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी सामान्यतः १ असे ठेवले. म्हणजे शंभर चौरस मीटर भूखंडावर एकशे तेहतीस चौरस मीटर बांधकाम. ही मर्यादा उंचीवर असते असा समज आपल्याकडे रूढ आहे, तो चुकीचा आहे. भूखंडाचा तिसरा हिस्साच व्यापला तर १.३३ मध्येही चार मजले चढविता येतात. न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती व्यापारी भागात हेच गुणोत्तर १५ पर्यंत जाते. बेर्तो यांचा आक्षेप केवळ आकडा लहान असल्याबद्दल नाही. जमिनीची किंमत जागोजाग वेगळी असताना मोठमोठ्या भागांना एकच आकडा लावण्यात किंमत नावाच्या माहितीकडे पाठ फिरविली जाते, हा त्यांचा आक्षेप आहे. मर्यादा वाढविली तर गर्दी वाढेल, या प्रतिवादाला त्यांच्या पक्षाचे उत्तर असे, की माणसे शहरात येतात ती कामासाठी, आणि ती आलेलीच आहेत. मर्यादेने त्यांची संख्या घटली नाही, प्रत्येकाच्या वाट्याची चटई तेवढी आखूड झाली.

‘चटईक्षेत्र’ या शब्दाविषयी एक आनुषंगिक टीप येथे द्यावीशी वाटते. इंग्रजीत भिंतींच्या आतील वापरता येण्याजोग्या जागेला गालिच्याचे नाव आहे, आणि बांधकामाच्या एकूण मजलाक्षेत्राला दुसरे. मराठी परिभाषेत दोहोंच्याही ठिकाणी चटईच अंथरली गेली. त्यामुळे घर घेणारा ‘चटईक्षेत्र’ म्हणतो ते एक आणि नियमावलीतील निर्देशांक मोजतो ते दुसरे. परंतु परिभाषेतील हा गोंधळ किरकोळ होय. अधिक अर्थपूर्ण गोष्ट बांधकाम व्यवसायाच्या बोलीत घडली आहे. ‘एफएसआय शिल्लक आहे’, ‘एफएसआय संपला’, ‘एफएसआय विकत घेतला’, ‘वर टीडीआर लोड करायचा आहे’, ही मुंबई-पुण्याकडील नित्याची वाक्ये आहेत. एफएसआय हे गुणोत्तर आहे. दोन क्षेत्रफळांचा भागाकार. भागाकार शिल्लक राहत नाही आणि लोड करता येत नाही. परंतु १९९१ च्या नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर, मोठ्या प्रमाणावर आणले, २०१२ मध्ये निवासी बांधकामावर अधिमूल्य घेऊन ३५ टक्के जादा क्षेत्र देण्याची ‘फंजिबल’ सोय झाली, आणि २०१८ मध्ये मंजूर झालेल्या २०३४ च्या आराखड्याच्या नियमावलीने मूळ मर्यादा बहुतांशी तशीच ठेवून तीवर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे अधिमूल्याचे आणि टीडीआरचे थर चढविले. तेव्हापासून हे गुणोत्तर खरोखरच वस्तू झाले आहे. बोलीचे व्याकरण येथे नियमावलीपेक्षा प्रामाणिक आहे. नियमावली मर्यादेची भाषा बोलते. बोली मालाची भाषा बोलते.

याचा अर्थ असा, की मुंबईत नियोजन आणि बाजार हे दोन प्रतिपक्ष राहिलेलेच नाहीत. शासन मर्यादा घालते, मर्यादेमुळे दुर्मीळता उत्पन्न होते, आणि ती दुर्मीळता शासनच अधिमूल्य घेऊन विकते. मर्यादा उठविली तर हे उत्पन्न बुडेल. म्हणून ती उठत नाही, आणि तिच्यावर अपवादांचे मजले चढत जातात. नियोजनाच्या समर्थकांना हे नियोजन वाटते, आणि मुक्त बाजाराच्या समर्थकांना जेव्हा जेव्हा अपवाद वाढतो तेव्हा बाजाराचा विजय झाला असे वाटते. वास्तविक दोघांच्याही ग्रंथांत या प्रकाराला नाव नाही. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची कथाही यासंदर्भात आठवावी. १९७६ च्या त्या कायद्याने मुंबईत मोकळ्या जमिनीच्या धारणेला ५०० चौरस मीटरांची मर्यादा घातली. जमीन अडकून पडली, घरे महागली, असा दोष त्याच्या माथी दिला जाई, आणि तो बराचसा रास्तही होता. महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये तो रद्द केला. त्यानंतर मुंबईतील घरे सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आली, असे कोणी म्हणू शकेल काय?

येथपर्यंत उपमा तग धरते, असे म्हणता येईल. भाषेवर अनाठायी नियम लादणाऱ्याची जी फजिती होते तीच नगरात झाली. आता ती कोठे मोडते ते पाहू. जमीन मर्यादित असते आणि शब्द अमर्याद, मी एखादा शब्द वापरल्याने तो दुसऱ्याला कमी पडत नाही, हा भेद सर्वांच्या ध्यानात येण्याजोगा आहे, आणि मुक्त बाजारवादी त्यावर म्हणतील की म्हणूनच तर किंमत हवी. तेव्हा तो येथेच सोडू. माझ्या मते उपमेचा खरा भंग अन्यत्र आहे. भाषेत शब्दाचा अर्थ वापराने ठरतो. तो कोणालाही आज्ञेने बदलता येत नाही. नगरात मात्र शब्दाचा अर्थ आज्ञेने बदलता येतो, आणि तो बदलताच जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

गिरण्यांच्या जमिनींचे प्रकरण हे याचे उदाहरण. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या कापड गिरण्या एकामागून एक विझत गेल्या, आणि शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन नव्या वापराच्या प्रतीक्षेत राहिली. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनींच्या विकासाला परवानगी देताना ढोबळ मानाने तीन वाटे ठरविले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल झाला. बदललेल्या नियमाप्रमाणे वाटणी करावयाची ती त्या वेळी मोकळ्या असलेल्या जमिनीचीच. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती, शेड पाडल्यानंतरही, वाटणीत येणार नव्हती. गिरणी म्हणजे मुख्यत्वे शेडच. ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांचा अर्थ संकोचला आणि सार्वजनिक वाटा त्याबरोबर आकसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये व्यापक अर्थ ग्राह्य धरला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून २००१ चा नियम वैध ठरविला. कायद्याच्या दृष्टीने कोणता अर्थ बरोबर, हा माझा विषय नव्हे. माझा मुद्दा एवढाच, की या शब्दाचा अर्थ परळ-लालबागच्या रहिवाशांच्या वापराने ठरलेला नव्हता. चाळीतील कोणाही माणसाला पाडलेल्या शेडची जागा मोकळी आहे की नाही असे विचारले असते, तर त्याने काय उत्तर दिले असते हे सांगण्यास भाषाशास्त्राची गरज नाही.

त्यानंतर तेथे जे घडले त्याला बाजार म्हणता येईल. मनोरे, कचेऱ्या, विक्रीसंकुले उभी राहिली, आणि ती घेणारे खुषीने घेत होते. परंतु हा बाजार ज्या पटावर मांडला गेला तो पट दोन शब्दांच्या व्याख्येने तयार झाला होता. आणि मनोऱ्यांकडे जाणारे रस्ते गिरणीच्या भोंग्यावर पायी येणाऱ्या कामगारांच्या काळचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. अशा दुर्घटनेचे एकच एक कारण सांगणे धाडसाचे होईल. परंतु कामगारांच्या वस्तीतून कचेऱ्यांच्या वस्तीकडे झालेले स्थित्यंतर आणि त्याच जुन्या पुलावरून रोज ये-जा करणारा नवा नोकरदार वर्ग यांचा या घटनेशी संबंध नाही, असे म्हणण्याचे धाडसही मला होत नाही.

येथे बेर्तो यांना न्याय देणे आवश्यक आहे, कारण हे सारे त्यांच्या सिद्धान्ताचे फलित असल्याचा आरोप त्यांच्यावर करता येत नाही. ग्रंथाचे शीर्षक वाचून जो समज होतो तो ग्रंथ वाचल्यावर टिकत नाही. रस्त्यांचे जाळे बाजार निर्माण करू शकत नाही, ते आधी आखलेच पाहिजे, आणि ते आखणे हे नियोजकाचे पहिले काम होय, असे त्यांनी निःसंदिग्धपणे म्हटले आहे. इंडोनेशियातील कांपुंग वस्त्यांचे त्यांनी केलेले कौतुकही याच अंगाने आहे : घरे लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे बांधली, आणि शासनाने ती न पाडता पाणी, गटारे आणि वाटा त्यांच्यापर्यंत नेल्या. हायेकचेही तसेच. १९६० च्या ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी’ या ग्रंथात घरबांधणी आणि नगरनियोजन यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. भाडेनियंत्रणावर त्यात त्याने कठोर टीका केली आहे. पण शेजाऱ्याच्या कृतीचा परिणाम शेजाऱ्याच्या मालमत्तेवर इतका होतो, की खाजगी मालकी आणि कराराचे स्वातंत्र्य ही सामान्य सूत्रे शहरी जीवनाच्या प्रश्नांना पुरी पडत नाहीत, हेही त्याने त्याच प्रकरणात मान्य केले आहे. त्याचे नाव घेणाऱ्यांच्या लेखनात पहिला भाग नेहमी आढळतो, दुसरा क्वचित.

ह्यूस्टनचे उदाहरणही असेच अर्धे सांगितले जाते. अमेरिकेतील या मोठ्या शहराने १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा मतदानाने भूवापराची विभागवारी नाकारली, हे खरे. पण तेथील अनेक निवासी वस्त्यांत विक्रीखतांतच वापराच्या अटी घातलेल्या असतात, आणि त्या अटींची अंमलबजावणी करून घेण्यासाठी खुद्द शहराचे वकील न्यायालयात जाऊ शकतात. नियम आहेतच, त्यांचा कर्ता तेवढा बदलला.

भाषेच्या साक्षीचा उरलेला भाग आता नोंदला पाहिजे, कारण उपमा वापरणारे तो वगळतात. आपली प्रमाण मराठी ही सर्वस्वी अनियोजित नाही. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे व्याकरण, शिक्षणखात्याची क्रमिक पुस्तके, यांनी एका विशिष्ट प्रदेशातील विशिष्ट वर्गाच्या बोलीला प्रमाण म्हणून प्रतिष्ठित केले, आणि बाकीच्या बोली अशुद्ध ठरल्या. ज्याची बोली प्रमाण ठरली त्याला काही करावे लागले नाही. इतरांच्या मुलांना शाळेत जाऊन ती शिकावी लागली. अनियोजित व्यवस्थेचे गुणगान करताना तिचा लाभ आधी आलेल्यांना किती आणि मागाहून येणाऱ्यांना किती, हा हिशेब भाषेतही सुटतोच असे नाही.

मात्र याच इतिहासात एक उपयुक्त भेदही सापडतो. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. आज ते कोणी देत नाही. हा नियम यशस्वी झाला याचे कारण, लेखन ही सर्वांच्या सोयीसाठी ठरवून एकसारखी करण्याजोगी गोष्ट आहे. तिचा संकेत एक असला की पुरे. उच्चाराविषयी असा नियम कोणी केला असता तर त्याची काय गत झाली असती हे सांगावयास नको. नगरातील रस्ते हे लेखनसंकेतासारखे आहेत आणि घरे उच्चारासारखी, असे म्हणता येईल. भाडेनियंत्रणाने आणि सरसकट निर्देशांकाने उच्चारावर नियम केले; गिरण्यांच्या जमिनींवर लेखनसंकेतच कोणी ठरविला नाही. मुंबईत दोन्ही चुका शेजारी-शेजारी नांदतात.

मराठी परिभाषेचे याबाबतीत कौतुक वाटते. बेर्तो यांच्या शीर्षकाचे भाषांतर ‘रचनेवाचून व्यवस्था’ असे करू गेल्यास ते मराठीत नीट बसत नाही, कारण ‘रचना’ या शब्दात रचण्याची क्रिया आणि रचलेले रूप हे दोन्ही अर्थ नांदतात. ‘वाक्यरचना’ आपण म्हणतो, पण मराठी वाक्याचा रचयिता कोणी नसतो. ‘नगररचना’ म्हणतो तेव्हा मात्र रचयिता, त्याची कचेरी आणि त्याचा शिक्का डोळ्यांपुढे येतो. त्या कचेरीचे महाराष्ट्रातील पूर्ण नाव ‘नगर रचना आणि मूल्यनिर्धारण संचालनालय’ असे आहे. नियोजकांना किंमत कळत नाही ही बेर्तो यांची तक्रार. येथे किंमत निदान पाटीवर तरी आहे.

या भेदाचा जुना दाखला हवा असल्यास दादर-माटुंग्याकडे पाहावे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तेथील शेते आणि मोकळ्या जमिनी आपल्या अधिकारात संपादन केल्या, रस्ते, बागा आणि गटारे आखली, आणि भूखंड पट्ट्याने दिले. घरे खाजगी मालकांनी आणि सहकारी संस्थांनी बांधली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पाच बागांचा परिसर यातून उभा राहिला. यात सक्तीचे भूसंपादन होते, पट्ट्यांतील बांधकामाच्या अटी होत्या, आणि बाजारही होता. ज्यांची जमीन घेतली गेली त्यांची बाजू वेगळी तपासावी लागेल, आणि तेथे घर घेणे गिरणीकामगाराच्या ऐपतीबाहेरचे होते हेही विसरता येणार नाही. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. त्यानंतर अशा विस्ताराने, घरांच्या आधी रस्ते आखून, मुंबई बेटावर फारसे काम झाले नाही. सध्या त्याच भागातील तीन-चार मजली घरे पुनर्विकासासाठी पाडली जात आहेत, आणि त्यांच्या जागी अधिमूल्याचा आणि टीडीआरचा भार घेऊन उंच इमारती येत आहेत. रस्त्यांची रुंदी मात्र ट्रस्टने आखली तेवढीच आहे.